बदललेल्या हृदयाची नाडी शंभर का, आणि त्यात ब्लॉकेज आलं तर दुखत का नाही

हार्ट ट्रान्सप्लांट झालेला माणूस घरी आला की पहिल्या काही दिवसांतच एक आकडा सगळ्यांना घाबरवतो. कोविडपासून ऑक्सिमीटर बहुतेक घरांत आहेच, तो बोटाला लावला की ऑक्सिजन ९८ आणि खाली नाडीही ९८, कधी १०४, आणि पेशंट तर आरामात खुर्चीत बसून पेपर वाचतोय. मग फोनाफोनी सुरू, की एवढं सगळं करून बसवलेलं हृदय आत्तापासूनच दमायला लागलं का. नाही लागलेलं. बदललेल्या हृदयाची बसल्या जागी नाडी ९० ते ११० असणं नॉर्मलच धरतात, कारण ते हृदय आता मेंदूला जोडलेलं नसतं.

पण याच तुटलेल्या जोडणीमुळे अजून एक गोष्ट होते, ती ऑक्सिमीटरवर दिसत नाही आणि ती जास्त धोक्याची आहे. त्या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत गेल्या तरी छातीत दुखत नाही. म्हणजे नाडी उगाच घाबरवते आणि खरंच काहीतरी होत असतं तेव्हा छाती गप्प.

आधी नाडीचं बघू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड म्हणतात त्याला, ठोका तिथून सुटतो. या पुंजक्याला कोणाच्या हुकमाची गरज नसते, त्याला एकटं सोडलं तर तो आपल्याच लयीत मिनिटाला साधारण शंभर ठोके टाकत राहतो. मग आपली तुमची नाडी ७० का असते? कारण मेंदूतून निघून मानेतून खाली येणारी व्हेगस नावाची नर्व्ह त्याला दिवसभर दाबून ठेवते, आणि झोपेत तर अजूनच दाबते म्हणून रात्री नाडी ५०-५५ ला जाते. दुसऱ्या बाजूने सिंपथेटिक नर्व्ह येतात, त्या घाबरल्यावर, पळताना, भांडताना वेग वाढवतात. १९७० साली एका अभ्यासात धडधाकट माणसांना औषधं देऊन या दोन्ही बाजू तात्पुरत्या बंद केल्या आणि नुसता सायनस नोड किती वेगाने चालतो ते मोजलं, त्यातून एक सूत्र निघालं, ११८.१ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करायचं. वीस वर्षांच्या हृदयाचं उत्तर येतं १०७ च्या आसपास, पन्नाशीच्या हृदयाचं ९०. हे वयाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रान्सप्लांटमध्ये दात्याचं हृदय काढताना या सगळ्या नर्व्ह कापल्या जातात. सर्जन नव्या शरीरात महाधमनी जोडतो, फुप्फुसाकडे जाणारी धमनी जोडतो, शिरा आणि वरचे कप्पे जोडतो, पण नर्व्ह कोणी जोडत नाही, त्या इतक्या बारीक आणि इतक्या जाळीदार असतात की ते शक्यही नाही. म्हणून हृदय पुन्हा आपल्या मूळ वेगावर येतं, आणि दात्याच्या वयाचा सायनस नोड म्हणून दात्याच्या वयाची नाडी, पेशंट साठीचा असला तरी.

याच्यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये आहे. स्टॅनफर्डच्या शमवे आणि लोअर यांनी बसवलेल्या पद्धतीत पेशंटच्या स्वतःच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत तशीच ठेवायचे आणि नवं हृदय तिच्यावर शिवायचे. त्या मागे राहिलेल्या तुकड्यात पेशंटचा स्वतःचा सायनस नोड जिवंत असायचा, त्याच्या नर्व्हही शाबूत. त्यामुळे ईसीजीवर दोन-दोन पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या लाटा, दिसायच्या, एक जुन्या तुकड्याची आणि एक नव्या हृदयाची, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माणूस जिना चढायला लागला की जुना तुकडा मेंदूचं ऐकून लगेच वेग वाढवायचा, पण त्याचा सिग्नल टाक्यांच्या रेषेपलीकडे जायचाच नाही, आणि खरं रक्त ढकलणारं नवं हृदय आपलं शंभरवरच. आता बऱ्याच ठिकाणी दोन महाशिरा थेट जोडतात, जुना तुकडा फारसा उरत नाही, त्यामुळे असा ईसीजी कमी दिसतो, पण जुन्या पेशंटचा ईसीजी नवख्या डॉक्टरने बघितला तर तो गोंधळणारच.

मग पळताना, जिना चढताना या हृदयाचा वेग वाढतो कसा? रक्तातून. किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, ते रक्तातून फिरत हृदयापर्यंत पोचतं आणि मग वेग वाढतो, यात काही मिनिटं जातात. म्हणून ट्रान्सप्लांटवाल्याला पहिल्या मजल्यावर धाप लागते आणि जरा थांबून चढलं की तिसऱ्या मजल्यावर तुलनेने बरं वाटतं. नाडीचा सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा व्यायाम थांबवल्यानंतर येतो आणि खालीही सावकाश उतरतो, कारण रक्तातलं ॲड्रिनलिन संपायला वेळ लागतो. फिजिओथेरपिस्ट आधी दहा मिनिटं हळू चाला आणि शेवटी पण हळू हळू थांबा असं जे सांगतात ते यासाठी, आणि नाडी अमुक झाली की थांबा हा जिममधला हिशोब इथे चालत नाही, किती दम लागतोय, बोलता येतंय का, यावर चालायचं. पटकन उठून उभं राहिल्यावर चक्कर येते त्याचंही कारण हेच, निरोगी माणसाची नाडी उठता क्षणी वाढते आणि यांची वाढत नाही.

आता ते दुसरं, गप्प छातीचं. हृदयाला रक्त कमी पडलं की जे दुखतं, ते दुखणं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नर्व्ह सुद्धा त्याच ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या असतात. त्यामुळे ज्याला आपण अँजायना म्हणतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं, डाव्या हातात कळ, ते ट्रान्सप्लांटनंतर सहसा होतच नाही. ॲटॅक सुद्धा न दुखता येऊन जाऊ शकतो. मग कळतं कशावरून? दम वाढला, पाय सुजले, चक्कर येऊन पडला, ठोके वेडेवाकडे झाले, आणि काही दुर्दैवी लोकांमध्ये अचानक मृत्यू हेच पहिलं लक्षण. काहींमध्ये वर्षभरानंतर सिंपथेटिक नर्व्हचे धागे परत थोडेफार उगवतात, १९९१ च्या सुमाराला हे नीट दाखवलं गेलं, आणि अशा काही पेशंटना खरंच छातीत दुखल्याचीही नोंद आहे. पण कोणाला उगवतील, किती उगवतील, याची खात्री नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणजे ठीक आहे हे गणित धरूच नये.

आणि हा रोग काही आत्ता सापडलेला नाही, ट्रान्सप्लांटच्या पहिल्या दोन वर्षांतच तो समोर आला होता. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बदललं, तो पेशंट १८ दिवस जगला. तिथलाच दुसरा पेशंट फिलिप ब्लायबर्ग, पेशाने डेंटिस्ट, २ जानेवारी १९६८ ला त्याचं ऑपरेशन झालं. त्याच फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदय बदललं होतं, तो पेशंट काही तासच जगला आणि आपल्याकडे पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये. ब्लायबर्ग मात्र जवळजवळ १९ महिने जगला, समुद्रात पोहतानाचे त्याचे फोटो जगभर छापले गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये तो गेला आणि पोस्टमॉर्टेममध्ये डॉक्टरांना धक्का बसला, कारण हृदय होतं चोवीस वर्षांच्या तरुणाचं आणि त्याच्या कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या भरलेल्या होत्या. दीड-पावणेदोन वर्षांत एवढं. साध्या कोलेस्टेरॉलने हे होत नाही, त्याला कित्येक दशकं लागतात.

या रोगाचं लांबलचक नाव कार्डियाक ॲलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी, सगळे सीएव्ही म्हणतात. नेहमीच्या ब्लॉकेजपेक्षा हा वेगळा आहे आणि तो फरक समजला की पुढचं सगळं समजतं. नेहमीच्या रोगात धमनीत एखाद्या जागी एका बाजूला चरबीचा गोळा साठतो, मागचा पुढचा भाग त्यामानाने बरा, म्हणून तिथे स्टेंट टाकता येतो किंवा बायपास करता येतं. सीएव्ही म्हणजे बोअरच्या पाण्याने पाईपला क्षार चढावेत तसं, सगळ्या लांबीभर आणि आतून गोल सगळ्या बाजूंनी, अगदी टोकाच्या बारीक फांद्यांपर्यंत. बायपासचा टाका घालायला पुढे चांगली जागाच उरत नाही.

कारण काय, तर मुख्यतः पेशंटची प्रतिकारशक्ती. नव्या हृदयात परकं असं जे काही आहे त्याच्याशी रक्ताचा पहिला संबंध येतो तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराशी, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली तरी तिथे बारीक बारीक कुरबुर चालूच असते, अस्तर दुखावतं, भरून येतं, परत दुखावतं, आणि भरून येताना जाड होत जातं. रिजेक्शनचे, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारण्याचे, झटके जास्त आले, दात्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या तर वेग वाढतो. त्यात बाकीच्या गोष्टींची भर, दात्याचं वय जास्त असणं, हृदय बर्फात जास्त वेळ राहणं, सीएमव्ही नावाच्या व्हायरसचं इन्फेक्शन, आणि मग आपले नेहमीचेच यशस्वी कलाकार बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, सिगारेट. शुगर तर स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे आधी नसलेल्यालाही होते. आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीचे आकडे बघितले तर अँजिओग्राफीत दिसणारा सीएव्ही पहिल्या वर्षी साधारण ८ टक्के लोकांत, पाचव्या वर्षी ३० टक्के आणि दहाव्या वर्षी जवळजवळ निम्म्यांत. म्हणजे हे अपवादाचं नाही, जो जगतो त्याच्या वाटेत हे येण्याची शक्यता चांगलीच आहे.

मग साहजिक प्रश्न, नाडी जोरात धावते आणि धमन्या खराब होतात, तर पहिल्यामुळे दुसरं होतंय का? नाडी कमी केली तर धमन्या वाचतील?

तर्क तरी जोरदार आहे. हृदय आकसलेलं असतं तेव्हा त्याच्या स्नायूतल्या धमन्या दाबल्या जातात, डाव्या बाजूला रक्त खरं तर हृदय सैल पडतं तेव्हाच जातं. नाडी ६० असेल तर एका ठोक्याला एक सेकंद, त्यात सैल पडायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. नाडी १०० झाली की एका ठोक्याला ०.६ सेकंदच, आणि आकसायचा वेळ फारसा कमी होत नाही, मार खातो तो सैल पडायचा वेळच. वर धमन्यांना दर ठोक्याला पीळ बसतो, ताण बसतो, आणि ७० ऐवजी १०० नाडी म्हणजे दिवसाला ४३,२०० ठोके जास्त. १९८४ साली शिकागोत माकडांवर एक प्रयोग झाला होता, त्यात काही माकडांचा सायनस नोड निकामी करून नाडी कमी केली आणि सगळ्यांना कोलेस्टेरॉलवालं खाणं दिलं, तर कमी नाडीवाल्या माकडांच्या कॉरोनरीत साठलेला मळ बराच कमी निघाला. हे वाचलं की वाटतं झालं, सापडलं उत्तर.

पण माणसांत आलं की गुंता होतो. इव्हाब्रॅडिन नावाचं औषध आहे, ते थेट सायनस नोडवर काम करतं आणि फक्त वेग कमी करतं, म्हणजे हा प्रश्न तपासायला अगदी नेमकं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये त्याचा फायदा २०१० च्या शिफ्ट ट्रायलमध्ये दिसला. पण साध्या कॉरोनरी रोगाच्या, फेल्युअर नसलेल्या १९ हजारांवर पेशंटमध्ये सिग्निफाय नावाची ट्रायल झाली, २०१४ ला निकाल आला, नाडी छान दहाने उतरली आणि मृत्यू किंवा ॲटॅक काही कमी झाले नाहीत, उलट ज्यांना अँजायना जास्त होता त्यांच्यात थोडं वाईटच झालं. ही ट्रान्सप्लांटची माणसं नव्हती हे खरं, पण नाडी उतरवली की कॉरोनरी वाचते असं सरळ म्हणायची सोय या निकालाने ठेवली नाही.

ट्रान्सप्लांटवाल्यांमध्ये नाडी जास्त असलेल्यांचा मृत्यूदर जास्त असं सांगणारे अभ्यास आहेत, पण ते मागच्या रेकॉर्डवरून केलेले. आणि इथे ते वयाचं सूत्र आडवं येतं. म्हाताऱ्या दात्याचं हृदय मुळात हळू चालतं आणि त्यात सीएव्ही जास्त होतो, तरुण दात्याचं हृदय जोरात चालतं आणि त्याच्या धमन्या चांगल्या असतात. म्हणजे दात्याचं वय बाजूला न काढता नुसती नाडी आणि ब्लॉकेज शेजारी मांडलं तर जोरात धावणारं हृदयच चांगलं असं उलटं चित्र सुद्धा निघू शकतं. दुसरीकडे रिजेक्शन चालू असेल, हृदय कडक झालं असेल, रक्त कमी असेल, तर नाडी वाढते आणि पेशंटची तब्येतही बिघडते, तिथे नाडी हे कारण नसून खूण आहे. माझं मत विचाराल तर नाडीला रोगाचं कारण म्हणून पकडण्यात अर्थ कमी, तिच्यातला बदल बघण्यात जास्त. ज्याची रोजची ९५ असते त्याची काहीच न करता आठवडाभर १२५ राहिली तर ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा, आणि ५० झाली तरी करायचा, खरं तर ५० जास्त गंभीर, कारण या हृदयाला हळू करणारी नर्व्हच नाहीये, मग ते हळू झालं ते औषधाने, नाहीतर सायनस नोड किंवा आतली वायरिंग बिघडल्याने.

स्वतःहून नाडीची गोळी मात्र घेऊ नये. शेजारच्या काकांची मेटोप्रोलॉल चालते म्हणून आपणही, असं तर नाहीच, कारण हे हृदय व्यायामाला मुख्यतः रक्तातल्या ॲड्रिनलिनवर चालतं आणि मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर नेमकं तेच अडवतात, जिना चढणं अजून अवघड होतं. गरज असेल तर डॉक्टर देतातच, ते वेगळं. डिल्टियाझेम या बीपीच्या औषधाचं तर अजून मजेशीर आहे, ते नाडीही थोडी उतरवतं, १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात त्याने ट्रान्सप्लांटनंतर धमन्या अरुंद होणं कमी केल्याचं दिसलं, पण ते सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळीही वाढवतं, त्यामुळे चालू करताना आणि बंद करताना दोन्ही वेळा लेव्हल तपासावी लागते. आणि इव्हाब्रॅडिन आणि डिल्टियाझेम एकत्र देत नाहीत.

रोग पकडायचा कसा मग? दुखत नाही, नाडीवरून कळत नाही, आणि ट्रेडमिलही इथे कमी पडते, कारण ती टेस्ट नाडी ठरावीक आकड्यापर्यंत चढण्यावरच उभी आहे आणि यांची तेवढी चढतच नाही. डोब्युटामिन हे औषध थेट हृदयावर काम करतं, म्हणून ते सलाईनमधून देऊन इको करतात, ते जास्त उपयोगी. पण मुख्य आधार अजूनही दर वर्षा-दोन वर्षांची अँजिओग्राफी, काहीही होत नसताना केलेली. लोक इथेच कंटाळतात, मला काही त्रास नाही मग कशाला परत मांडीत सुई, असं म्हणतात, आणि यांचं त्रास नसणं म्हणजे काय ते वर आलंच आहे. अँजिओग्राफीतही एक खोट आहे, ती फक्त आतली मोकळी जागा दाखवते, धमनी सगळीकडून सारखीच जाड झाली असेल तर चित्र गुळगुळीत आणि छान दिसतं. म्हणून काही सेंटरमध्ये धमनीच्या आत बारीक सोनोग्राफीची तार घालतात, आयव्हस म्हणतात तिला, तिने भिंतीची जाडी मोजता येते, आणि पहिल्या वर्षात ती अर्धा मिलिमीटर किंवा जास्त वाढली तर पुढे त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते.

उपचारात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सगळ्यात आधी, कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी. १९९५ ला प्रॅव्हास्टॅटिनच्या अभ्यासात ट्रान्सप्लांटनंतर लगेच ते दिल्यावर सीएव्हीही कमी आणि जगण्याचं प्रमाणही जास्त निघालं. डोस मात्र कमी ठेवतात, सायक्लोस्पोरिनबरोबर स्टॅटिन जास्त झालं तर स्नायू खराब होतात, अंग कारण नसताना ठणकायला लागलं तर सांगायचं. दुसरं म्हणजे एव्हरोलिमस आणि सिरोलिमस, ही औषधं भिंतीतल्या पेशींची वाढच रोखतात, पण जखम भरायला वेळ लावतात म्हणून ऑपरेशननंतर लगेच सहसा देत नाहीत. एखादी जागा जास्तच अरुंद असेल तर स्टेंट टाकतात, त्याने मूळ रोग थांबत नाही. शेवटचा उपाय पुन्हा ट्रान्सप्लांट, आणि पहिल्याच हृदयासाठी लोक महिनोन् महिने वेटिंग लिस्टवर असतात तिथे दुसरं मिळणं किती लोकांना शक्य आहे ते सांगायला नको.

एक गोष्ट घरच्यांनी पाठच करून ठेवावी. रात्री-अपरात्री जवळच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर पहिलं वाक्य हृदय बदललेलं आहे हे, बाकी हिस्टरी नंतर. तिथल्या डॉक्टरला छातीत दुखत नाही यावरून ॲटॅक नाही असं वाटू शकतं. नाडी फार कमी असेल तर सगळीकडे आधी ॲट्रोपिन देतात, ते व्हेगसचा परिणाम काढून काम करतं आणि इथे व्हेगसच जोडलेली नाही, त्यामुळे त्यावर वेळ जाण्यात अर्थ नाही, ॲड्रिनलिन, आयसोप्रेनलिन किंवा पेसिंग, म्हणजे बाहेरून विजेने ठोके देणं, लागतं. उलट फार जोरात धावणाऱ्या ठोक्यांसाठी जे ॲडेनोसिन देतात त्याला हे हृदय जास्तच संवेदनशील असतं, नेहमीच्या डोसने लांब पॉज येऊ शकतो, दिलंच तर बराच कमी डोस. आणि जुन्या ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ज्यांच्या ईसीजीत दोन पी वेव्ह आहेत त्यांनी तर नक्कीच.